पेशी कितीवर आल्या?

पावसाळा सरता सरता लातूर-बीडकडे दवाखान्याच्या पायरीवर एकच चौकशी असते: “पेशी कितीवर आल्या?” “पांढऱ्या पेशी ४० हजारावर आल्यात.” डेंग्यूत पांढऱ्या पेशीही घटतात, पण इथं ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतात ते प्लेटलेटना, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या बारीक कणांना; घरच्यांचा जीव अडकलेला असतो तो त्यांच्याच आकड्यात. त्यांच्यासाठीचा शाळेतला ‘रक्तपट्टिका’ हा शब्द पुस्तकातच राहिला.

घोळ जुनाच आहे. १९व्या शतकात पॅरिसच्या जॉर्ज अयेम यांना हे बारीक कण म्हणजे तांबड्या पेशींची कच्ची अवस्था वाटली होती. १८८२ मध्ये तुरीनच्या जुलिओ बिझोझेरो यांनी जिवंत प्राण्याच्या रक्तवाहिनीला इजा करून पाहिलं, तेव्हा जखमेशी आधी येऊन चिकटले ते हेच कण. १९०६ मध्ये बोस्टनच्या जेम्स राइट यांनी त्यांचं माहेर शोधलं: अस्थिमज्जेतल्या अवाढव्य पेशींचे हे तुटलेले तुकडे. म्हणजे धड पेशीही नव्हेत. आयुष्य ७ ते १० दिवसांचं.

१९१० मध्ये विल्यम ड्यूक यांनी रक्त चढवल्यावर प्लेटलेट वाढतात नि रक्तस्राव थांबतो, हे दाखवलं. तेव्हापासून आकड्याला मान आला. पण १९१८ मध्ये स्वित्झर्लंडचे बालरोगतज्ज्ञ ग्लान्झमान यांना अशी मुलं आढळली, ज्यांचा आकडा भरलेला, तरी रक्त थांबेना. फायब्रिनोजेन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाला धरून एकमेकींना जोडून घ्यायचं प्रथिनच त्या प्लेटलेटवर नसतं, हे पुष्कळ नंतर कळलं. मोजायचा आकडा आहे, अडकवायचा आकडा नाही! दोष आई-बाप दोघांकडून आला तरच हा आजार होतो. म्हणून नात्यात लग्नं होतात तिथं तो जास्त सापडतो. मामाच्या पोरीशी सोयरीक आपल्याकडे नवी नाही. तरी सारखा घोळणा फुटणाऱ्या पोराला ‘उष्णता झाली’ म्हणत कांदा हुंगवला जातो.

आपल्याकडे हा आकडा घरोघरी पोचवला डेंग्यूनं. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, म्हणून रांजण, हौद, ड्रम भरलेले. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो तो त्याच साठ्यात. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांपर्यंत डॉक्टर प्लेटलेट चढवत नाहीत, नातेवाईक मात्र ५० हजारालाच रक्तदाते गोळा करू लागतात.

प्लेटलेटची पिशवी फार दिवस साठवूनही ठेवता येत नाही. २० ते २४ अंशांत, सतत हलवत ठेवून, जेमतेम ५ दिवस. तालुक्याहून आलेला भाऊ ती बर्फाच्या डब्यात ठेवायला जातो, आणि रक्तपेढीतला माणूस त्याचा हात धरतो.