स्पीडचा काटा आणि आरपीएमचा काटा: रोजच्या गाडीला दोन्ही लागतात का?

जळगाव-धुळ्याकडे घरातली चार माणसं मिळून गाडी बघायला शोरूमला गेली की एक प्रश्न हमखास निघतो. बेस मॉडेलच्या डॅशबोर्डवर एकच मोठं मीटर असतं, वरच्या मॉडेलला त्याच्या शेजारी तसंच दुसरं. नाना विचारतात, "हे दुसरं कशाचं?" सेल्समन "आरपीएम मीटर आहे काका" एवढं म्हणतो आणि टचस्क्रीनकडे वळतो. गाडी घरी येते, वर्ष उलटतं, तरी त्या दुसऱ्या काट्याकडे कुणी बघत नाही. कुणी त्यालाही वेगाचंच मीटर समजतं, तर कुणी पेट्रोल किती जळतंय ते दाखवणारं. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्यातली दुसरी जास्त घातक, कारण तिच्यापायी माणसं घाटात गाडी न्यूट्रलला टाकतात.

स्पीडचा काटा रस्त्याचं सांगतो, म्हणजे या वेगाने तासात किती किलोमीटर कापले जातील ते. आरपीएमचा काटा इंजिनाचं सांगतो, म्हणजे क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा) मिनिटाला किती फेरे घेतोय ते. त्या मीटरवर १, २, ३ असे आकडे असतात आणि खाली बारीक अक्षरात 'गुणिले १०००'. काटा २ वर असला की मिनिटाला २००० फेरे. चाक आणि इंजिन यांच्या मधोमध गिअरबॉक्स बसलेला असतो, त्यामुळे एक काटा बघून दुसऱ्याचा अंदाज लागत नाही.

हिशेब मांडून बघा. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. छोट्या गाडीच्या चाकाचा घेर साधारण १.९५ मीटर धरला तर चाक मिनिटाला ५१३ फेरे घेतं. पाचव्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे साडेतीन फेरे होतात असं समजा, म्हणजे आरपीएम १८०० च्या आसपास. तिसऱ्या गिअरमध्ये हेच प्रमाण साडेपाच धरलं तर २८००, दुसऱ्यात आठ धरलं तर ४१००. तिन्ही वेळा स्पीडचा काटा मात्र ६० वरच. मॉडेलगणिक ही प्रमाणं बदलतात, हिशेबाची रीत बदलत नाही.

मोजायची पद्धतही दोघांची निराळी. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक केबल यायची. तिच्या टोकाला फिरणारं लोहचुंबक ॲल्युमिनिअमच्या वाटीला आपल्याबरोबर ओढायचं, स्प्रिंग तिला मागे खेचायची, आणि त्या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. आता चाकाजवळचे किंवा गिअरबॉक्सवरचे सेन्सर ते काम करतात. आरपीएमसाठी क्रँकशाफ्टवर दात्यांचं चक्र असतं. बऱ्याच इंजिनांत ६० दात्यांपैकी दोन मुद्दाम गाळलेले असतात, त्या मोकळ्या जागेवरून इंजिनाच्या कॉम्प्युटरला पिस्टन कुठे आहे ते कळतं. ठिणगी कधी टाकायची आणि इंधन कधी सोडायचं हे त्यावरच ठरतं. म्हणजे आरपीएम बेस मॉडेललाही ठाऊक असतोच, फक्त तो ड्रायव्हरला दाखवायचा की नाही हे कंपनी ठरवते.

खरं तर आपल्या भागात हे मीटर मुळीच नवीन नाही. कापसाच्या रानात किंवा रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ज्याने ट्रॅक्टर चालवलाय, त्याला आरपीएमचा काटा स्पीडच्या काट्यापेक्षा जवळचा. रोटाव्हेटर किंवा फवारणीचा ब्लोअर लावला की मागचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे अवजाराला फिरवणारा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवावा लागतो. त्यासाठी इंजिनाचा काटा कुठे हवा, याची खूण बऱ्याच ट्रॅक्टरांच्या मीटरवरच असते. काटा त्या खुणेच्या खाली गेला तर ढेकळं फुटत नाहीत, वर गेला तर अवजारावर ताण येतो. शेतात ट्रॅक्टर ताशी ३ ने चालला की ४ ने, हे मीटरवर बघायची कुणाला गरज पडत नाही. जुना ट्रॅक्टर घेतानाही आपण "किती तास चाललाय?" असंच विचारतो. ते तास त्याच मीटरमध्ये नोंदलेले असतात. केबलवाल्या जुन्या मीटरमध्ये तर ते तासही इंजिनाच्या फेऱ्यांवरूनच मोजले जातात, म्हणून कमी आरपीएमला घड्याळाचा एक तास मीटरवर पूर्ण एक तास भरत नाही. ट्रॅक्टरचं कामच इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतं, कारचं रस्त्यावरच्या वेगावर. म्हणून सरकारी नियमातही कारला स्पीडोमीटर सक्तीचा आहे, आरपीएम मीटर नाही.

आता त्या घातक समजुतीकडे येतो. काटा वर गेला म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, असं सरसकट म्हणता येत नाही. इंधन किती लागतं हे फेऱ्यांवर अवलंबून असतं, तसंच तुम्ही ॲक्सिलरेटर किती दाबलाय यावरही. कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून पाय काढून घेतला की काटा ३००० च्या पुढे जातो, इंजिन गुरगुरतं, आणि शेजारी बसलेले काका म्हणतात, "अरे न्यूट्रल कर, कशाला पेट्रोल जाळतोस!" पण त्या क्षणी इंजिनात पेट्रोल जवळजवळ जातच नसतं. गेल्या वीसेक वर्षांतल्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर पडलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की कॉम्प्युटर इंधन बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवत असतात, आणि आरपीएम घसरत आयडलिंगच्या (उभ्या गाडीत इंजिन नुसतं सुरू असतानाच्या फेऱ्यांच्या) जवळ आला की इंधन परत सुरू होतं. न्यूट्रल केलं तर उलट इंजिन जिवंत ठेवायला इंधन सोडावंच लागतं. छोट्या इंजिनाचं आयडलिंगला तासाला साधारण अर्धा ते एक लीटर जातं.

काकांचा सल्ला कार्ब्युरेटरच्या (कॉम्प्युटरशिवाय, हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या यंत्राच्या) काळातला आहे, पद्मिनी-ॲम्बेसेडरच्या. त्या गाड्यांत पाय काढला तरी पेट्रोल ओढलं जायचं. वाचवायचा हेतू चांगला होता, पण घाटाच्या बाबतीत तेव्हाही तो सल्ला धोक्याचाच होता. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि लांब उतारावर तापलेले ब्रेक ऐनवेळी धरत नाहीत. तोरणमाळचा सात पायरी घाट असो, चांदसैली असो की कोंडाईबारी, ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही तसाच लागू आहे. उतरताना काटा ३०००-३५०० वर दिसला तर घाबरू नका, इंजिन तेव्हा ब्रेकचं काम करत असतं. मीटरच्या वरच्या टोकाच्या लाल पट्टीपासून, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांच्या मर्यादेपासून, लांब राहिलात की पुरे.

उलटी चूकही तितकीच सर्रास होते. ॲव्हरेज मिळावं म्हणून टॉप गिअर टाकून गाडी ताशी ४० ने रेटायची. काटा १२०० वर, गाडीत पाच माणसं, एसी सुरू, समोर लळिंगचा चढ. पाय पूर्ण दाबूनही गाडी थरथरते, दणदण करते, आणि मागून आवाज येतो, "भाऊ, गाडी वढत नही." ती ओढणार तरी कशी? टर्बो (धुराच्या जोराने इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) असलेल्या डिझेलमध्ये हे फार जाणवतं. मारुतीच्या स्विफ्ट-डिझायरमध्ये असायचं ते १.३ लीटरचं डिझेल इंजिन घ्या. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या तरी आपल्याकडे त्या अजून ढिगाने पळतायत. स्विफ्टमध्ये त्याचा पूर्ण टॉर्क (फिरवायचा जोर), १९० न्यूटन मीटर, २००० आरपीएमला मिळायचा. १५०० ला त्याच इंजिनात जीव नसतो. स्पीडचा काटा तिथे काहीच मदत करत नाही, ताशी ४० हा वेग तसा चांगलाच दिसतो. आरपीएमचा काटा मात्र लगेच सांगतो की गिअर खाली टाक. कमी फेऱ्यांवर जास्त ओझं टाकलं की इंजिनाच्या आतले धक्के वाढतात, आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या नव्या टर्बो पेट्रोल इंजिनांत तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटून पिस्टनला इजा होण्याचा धोका याच स्थितीत असतो. म्हणून टर्बो गाडी हाताने गिअर टाकत चालवणाऱ्याला हे मीटर खरंच कामाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

साध्या पेट्रोल गाडीचं तसं नाही. मारुती ८०० वर हजारो लोक गाडी शिकले, त्यांच्यासमोर हे मीटर नव्हतं. कान आणि तळपाय पुरत होते. इंजिन ओरडायला लागलं की वरचा गिअर, कण्हायला लागलं की खालचा. भुसावळ-मुक्ताईनगर चौपदरी रस्त्याने पाचव्या गिअरमध्ये एकसारखं जायचं असेल तर आरपीएम बघून करणार काय? लाल पट्टी चुकवायलाही तो काटा लागत नाही. पेट्रोल इंजिनात ती साधारण ६००० च्या पुढे आणि डिझेलमध्ये ४५००-५००० च्या आसपास सुरू होते, आणि नुसता ॲक्सिलरेटर दाबून तुम्ही फार पुढे जाऊ शकत नाही, फेऱ्यांना मर्यादा घालणारा लिमिटर इंधन तोडतो. खरा धोका चुकीच्या गिअरचा. ताशी १०० ला पाचव्यातून चौथा टाकायला गेलात आणि दुसरा पडला, तर वरच्याच हिशेबाने इंजिनाला ६८०० च्या पुढे फिरावं लागेल. तिथे लिमिटर काही करू शकत नाही, कारण इंजिनाला फिरवणारी चाकं असतात. काटा बघेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं.

दोन्ही काटे एकत्र वाचता येतात, आणि ते फार थोडे लोक करतात. वर पाहिलं तसं एका गिअरमध्ये वेग आणि आरपीएम यांचं प्रमाण पक्कं बांधलेलं असतं. जुनी मॅन्युअल गाडी घेताना याचा उपयोग करा. मोकळा रस्ता किंवा हलका चढ बघून चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० ला या आणि पाय पूर्ण दाबा. दोन्ही काटे बरोबरीने चढले तर क्लच ठीक. आरपीएमचा काटा २००० वरून ३००० वर उसळला आणि स्पीडचा काटा ५० लाच चिकटून राहिला, तर क्लच प्लेट घसरतेय. आधी तिच्या खर्चाची बोली करा, मग गाडीची किंमत ठरवा. याच गाडीचं इंजिन गरम झाल्यावर उभी असताना आरपीएम ७०० ते ९०० च्या दरम्यान स्थिर असावा, एसी लावल्यावर थोडा वर जाऊन टिकावा. तो सारखा खाली-वर झुलत असेल तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नवशिक्यालाही एका बाबतीत या काट्याचा आधार होतो. चढावर हँडब्रेक ओढून, थोडी रेस देऊन क्लच हळूहळू सोडला की एका जागी काटा शे-दोनशेने खाली येतो. क्लच तिथे धरतो. काटा पडला की हँडब्रेक सोडायचा, गाडी मागे सरकत नाही. चार-सहा वेळा असं बघितलं की ती जागा पायाला पाठ होते.

स्पीडचा काटा मात्र सगळ्यांना लागतो, आणि तो मुद्दाम थोडा पुढचं सांगतो हेही माहीत असू द्या. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन-नियमानुसार मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, जास्त मात्र दहा टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत दाखवू शकतं. खरा वेग ८० असताना ९२ दिसले तरी ते नियमात बसतं. पण मोठे टायर टाकले की चाकाचा घेर वाढतो आणि मीटर कमी सांगायला लागतं. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत ८० च्या वर वाजणारी बीपही तेवढी उशिरा वाजते. आरपीएमच्या काट्याला टायरशी देणंघेणं नाही.

ऑटोमॅटिक किंवा एएमटी (मॅन्युअलच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर स्वतः बदलणारा) घेणाऱ्याने या मीटरचा विचार सोडून द्यावा, गिअर कॉम्प्युटर बदलतो. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेल्या, प्रमाण सलग बदलणाऱ्या ऑटोमॅटिक) गाडीत पाय दाबल्यावर आरपीएम आधी चढतो आणि वेग मागून येतो. ती त्या गिअरबॉक्सची रीतच आहे, क्लच गेल्याचं लक्षण नाही. इलेक्ट्रिक कारमध्ये तर हा प्रश्नच मिटतो. आपल्याकडच्या बहुतेक इलेक्ट्रिक कारना एकच ठरलेलं गिअर-प्रमाण असतं, त्यामुळे मोटरचे फेरे आणि गाडीचा वेग कायम एकाच पटीत राहतात. तिथे आरपीएम मीटरच्या जागी मोटर किती शक्ती घेतेय आणि ब्रेकिंगमध्ये किती परत देतेय, ते दाखवतात.

म्हणून नाना बेस मॉडेलसमोर उभे राहून विचारात पडले असतील तर माझं उत्तर असं: साधं पेट्रोल इंजिन आणि बहुतेक फिरणं सपाटीवर असेल, तर केवळ या मीटरसाठी वरच्या मॉडेलचे पैसे भरू नका. त्याच पैशात जास्त एअरबॅग किंवा चांगले टायर मिळत असतील तर ते घ्या. टर्बो इंजिन आणि हाताचे गिअर असतील, किंवा नंदुरबार-धडगावकडे महिन्यातून चार चकरा असतील, तर मीटर असलेलीच गाडी घ्या. घरात आधीच बेस मॉडेल असेल तर गेल्या दहा-बारा वर्षांतल्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायचं, सॉकेट असतं. त्यात लावायचा छोटा ब्लूटूथ ॲडॉप्टर ऑनलाइन मिळतो आणि इंजिनाचा आरपीएम मोबाइलवर दिसतो. गाडी चालू असताना तो मोबाइल शेजारच्या माणसाच्या हातात द्या. तुमच्या गाडीला कोणत्या गिअरमध्ये ताशी ४०, ६० आणि ८० ला किती आरपीएम येतो ते त्याला एका कागदावर लिहून घ्यायला सांगा, आणि तो कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. ती प्रमाणं बदलणार नाहीत, त्यामुळे ॲडॉप्टर काढून ठेवला तरी पुढे स्पीडच्या काट्यावरून इंजिनाचे फेरे सांगता येतील.