तुमच्या कॉम्प्युटरलाही आता सर्टिफिकेट: ग्राहकांसाठी माहिती

आमच्या बिलिंग सर्व्हरला जोडताना यापुढे नुसता पासवर्ड पुरणार नाही. ज्या कॉम्प्युटरवरून तुम्ही काम करता, त्याला स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळख पटवणारी डिजिटल फाइल, लागेल.

आजवर ओळख एकाच बाजूने पटत होती. सर्व्हर आपलं सर्टिफिकेट दाखवायचा, तुमचा कॉम्प्युटर ते तपासायचा. तुमच्या बाजूने फक्त पासवर्ड, आणि तो चोरीला गेला की कुठूनही चालतो. भिवंडीला माल उतरवताना ड्रायव्हर गोदामाचा बोर्ड बघतो, तसा गोदामवालाही चलन बघितल्याशिवाय शटर उघडत नाही. सर्व्हरही आता तेच करेल. तो तुमचं सर्टिफिकेट मागेल आणि तुमचा कॉम्प्युटर त्या वेळच्या संभाषणावर आपल्या खासगी किल्लीने, म्हणजे सर्टिफिकेटच्या जोडीच्या गुप्त डिजिटल कोडने, सही करून देईल. किल्ली स्वतः लाइनवरून कधीच जात नाही. म्हणून नुसतं सर्टिफिकेट कुणाच्या हाती लागलं तरी त्याचा उपयोग शून्य.

सगळी सुरक्षितता त्या किल्लीत आहे. पूर्वी किल्ली आम्हीच बनवायचो आणि सर्टिफिकेटसह एका फाइलमध्ये पाठवायचो. एका ग्राहकाच्या ऑफिसात ती फाइल आणि तिचा पासवर्ड, दोन्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरले. ते सर्टिफिकेट त्याच दिवशी रद्द केलं आणि ही पद्धतही बंद केली. आता किल्ली तुमच्याच कॉम्प्युटरवर तयार होते आणि तिथेच राहते. आमचं सेटअप चालवलंत की 'सीएसआर' नावाची विनंतीची फाइल मिळेल, तेवढीच आम्हाला मेल करा. तुमच्या नोंदवलेल्या नंबरवर फोन करून आम्ही खात्री करतो, मग सही केलेलं सर्टिफिकेट पाठवतो. ते त्याच कॉम्प्युटरवर, त्याच विंडोज लॉगिनमधून उघडून इन्स्टॉल करा. दुसऱ्या लॉगिनला ते दिसणार नाही.

ही सर्टिफिकेटं आमच्या खासगी सीएची (सीए म्हणजे सर्टिफिकेटवर सही करून ते देणारी यंत्रणा) असतात, कारण सर्व्हरने फक्त आमच्या ग्राहकांनाच आत घ्यायला हवं. सर्व्हरचं स्वतःचं सर्टिफिकेट मात्र सार्वजनिक सीएचं आहे, आणि अशा सीएवर तुमचा कॉम्प्युटर आधीच विश्वास ठेवतो. त्यामुळे 'रूट सर्टिफिकेट (नव्या सीएवर विश्वास ठेवायला लावणारी फाइल) टाका' असं आमच्या नावाने कुणी सांगितलं तर टाकू नका. सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवसांवर आली आहे आणि २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येणार आहे. ते नूतनीकरण आमचं काम. तुमचं सर्टिफिकेट १ वर्ष चालेल, संपण्याआधी महिनाभर आठवण करू.

जोडणी होत नसेल तर आधी घड्याळ बघा. मस्जिद बंदरच्या एका गाळ्यात आम्ही दोन तास सेटिंग तपासत बसलो होतो. शेवटी कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं, तर २०१५! मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला होता आणि रात्री मेन स्विच बंद केला की तारीख मागे जायची. सर्व्हरचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही, अशी त्या कॉम्प्युटरची समजूत. सेल बदलला आणि जोडणी झाली. स्क्रीनवर '४००' आणि सर्टिफिकेट मिळालं नाही असा संदेश आला, तर बहुतेक वेळा विंडोज लॉगिन बदललेलं असतं, किंवा अँटिव्हायरस मध्येच वेब तपासत असतो.

प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळं सर्टिफिकेट घ्या. लॅपटॉप लोकलमध्ये राहिला किंवा चोरीला गेला, तर पोलीस तक्रारीची वाट न बघता आधी आम्हाला फोन करा. तेवढंच सर्टिफिकेट रद्द होईल, बाकीच्या काउंटरांवरचं बिलिंग चालू राहील.