आनुवंशिक पॉलिसिस्टिक किडनी विकारातील उच्च रक्तदाब

पॉलिसिस्टिक किडनी डिसीज या आनुवंशिक विकारात दोन्ही मूत्रपिंडांत द्रवाने भरलेल्या पुटी, म्हणजेच सिस्ट, वर्षानुवर्षे वाढत राहतात आणि बहुतेक रुग्णांना त्यासोबत उच्च रक्तदाब जडतो. एरवी मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की रक्तदाब चढतो. येथे क्रम उलटा असतो. सुमारे ६० टक्के रुग्णांत गाळणक्षमता घटण्यापूर्वीच, साधारण तिशीच्या आसपास, रक्तदाब वाढलेला आढळतो. म्हणून केवळ क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडे गाळून टाकतात त्या रक्तातील टाकाऊ घटकाचा) अहवाल ठीक आहे यावर विसंबून राहता येत नाही.

विकाराचा नेहमी आढळणारा प्रकार प्रभावी आनुवंशिकतेचा आहे, म्हणजे आई किंवा वडील बाधित असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. बहुसंख्य कुटुंबांत १६व्या गुणसूत्रावरील पीकेडी-१ हे जनुक सदोष असते, उरलेल्यांपैकी बऱ्याच कुटुंबांत चौथ्या गुणसूत्रावरील पीकेडी-२. पहिल्या प्रकारात रक्तदाब लवकर वाढतो.

वाढत्या पुटी आसपासच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना दाबतात व ताणतात. त्यामुळे त्या भागाला रक्त कमी मिळते आणि मूत्रपिंड रेनिन हे रक्तदाब वाढवणारी साखळी सुरू करणारे द्रव्य स्रवू लागते. त्यातून तयार होणारे अँजिओटेन्सिन-२ रक्तवाहिन्या आकुंचित करते, तर त्याच साखळीतील अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक शरीरात मीठ व पाणी साठवून ठेवते. शिवाय या जनुकांपासून बनणारी पॉलिसिस्टिन प्रथिने रक्तवाहिन्यांच्या भित्तिकांतही असतात. ती सदोष असल्याने वाहिन्या नीट सैलावत नाहीत. पुटी मोठ्या होण्याआधीच काहींचा रक्तदाब का वाढतो, याचा काही उलगडा यातून होतो.

उपचार न झाल्यास हृदयाच्या डाव्या जवनिकेची, म्हणजे खालच्या डाव्या कप्प्याची, भित्तिका जाड होते आणि मूत्रपिंडाची हानी वेग घेते. या रुग्णांत मेंदूतील रोहिणीला फुगा येण्याचे प्रमाणही सर्वसामान्यांपेक्षा जास्त असल्यामुळे अनियंत्रित रक्तदाब अधिकच धोक्याचा ठरतो.

उपचारात रेनिन-अँजिओटेन्सिन साखळी रोखणारी औषधे, म्हणजे अँजिओटेन्सिन-२ तयार होणे रोखणारी लिसिनोप्रिलसारखी एसीई-रोधके किंवा त्याचा परिणाम रोखणारी टेल्मिसार्टनसारखी औषधे, प्रथम निवडली जातात. अमेरिकेतील हॉल्ट-पीकेडी चाचणीत (२०१४) गाळणक्षमता चांगली असलेल्या १५ ते ४९ वयोगटातील रुग्णांचा रक्तदाब ९५/६० ते ११०/७५ इतका खाली ठेवल्यावर, नेहमीच्या लक्ष्याच्या तुलनेत, मूत्रपिंडांच्या आकारवाढीचा वार्षिक वेग १४.२ टक्क्यांनी कमी झाला आणि डाव्या जवनिकेचे वस्तुमानही अधिक घटले. गाळणक्षमतेच्या घसरणीत मात्र एकंदरीत फरक दिसला नाही, चक्करही अधिक जणांना आली, आणि वरील दोन्ही प्रकारची औषधे एकत्र देण्याचा जादा लाभ आढळला नाही. इतके खालचे लक्ष्य सर्वांना मानवत नाही. ते मुख्यतः तरुण व गाळणक्षमता टिकून असलेल्यांसाठी आहे.

आहारात मीठ दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत ठेवण्याचा सल्ला दिला जातो. लोणची, पापड व फरसाण रोज खाणाऱ्यांना हा हिशेब अवघड जातो. घरी नियमित मोजलेला रक्तदाब दवाखान्यातील एकट्या नोंदीपेक्षा अधिक विश्वसनीय ठरतो. एसीई-रोधके व टेल्मिसार्टनसारखी औषधे गर्भाला घातक असल्याने गर्भधारणेपूर्वी बदलावी लागतात. बाधित पालकांच्या मुलांचा रक्तदाब पाचव्या वर्षापासून दरवर्षी मोजावा, अशी शिफारस आहे.