एका कान्यात मजुरी

पाणिनीच्या अष्टाध्यायीत 'कर्मणि भृतौ' (३.२.२२) असं दोनच पदांचं सूत्र आहे. भृती म्हणजे मजुरी. पैसे घेऊन काम करणारा तो कर्मकर. मजुरीचा संबंध नसेल तर कर्मकार. फरक एका कान्याचा. नेहमीच्या नियमाने 'कृ' धातूला अण् प्रत्यय लागतो आणि त्यातल्या णकारामुळे स्वराची वृद्धी होऊन 'कार' होतं. कुंभकार, सुवर्णकार असेच घडले, आणि त्यांतूनच आपले कुंभार, सोनार आले. मजुरीच्या अर्थी मात्र पाणिनी 'ट' प्रत्यय सांगतो. त्यात णकार नाही, म्हणून वृद्धी नाही आणि 'कर' उरतं. छापताना हा काना सुटला किंवा जास्तीचा पडला, की कारागीर रोजंदारीवरचा किंवा रोजंदारीवरचा माणूस कारागीर होऊन बसतो.

मजुरीचा आकडाही माणसाला चिकटतो. ज्याची भृती पाच, तो 'पञ्चक' (५.१.५६). महिनाभरासाठी ठेवलेला तो 'मासिक' (५.१.८०). इथे काशिकावृत्ती ही अष्टाध्यायीवरची टीका एक बारकावा नोंदवते. मासिक अध्यापक आणि मासिक कर्मकर, शब्द एकच. पण अध्यापक 'अधीष्ट', म्हणजे सन्मानाने विनंती करून नेमलेला, तर कर्मकर 'भृत', म्हणजे वेतनाने विकत घेतलेला. प्रतिष्ठेची ही उतरंड व्याकरणाच्या टीकेत इतकी उघड लिहिलेली सापडते, हे मला फार मोलाचं वाटतं.

भाषांतरात हे सगळे शब्द 'नोकर' या एकाच डब्यात पडतात, तिथे घोटाळा होतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'दासकर्मकरकल्प' नावाचं प्रकरण आहे. दास आणि कर्मकर शीर्षकात शेजारी असले, तरी नियम वेगळे. वेतन आधी ठरलं नसेल तर शेतात राबणाऱ्याला धान्याचा, गुराख्याला तुपाचा आणि व्यापार सांभाळणाऱ्याला त्याने हाताळलेल्या मालाचा दहावा हिस्सा मिळावा, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. वेतन घेऊन काम न करणाऱ्या भृतकाला १२ पण (तेव्हाचं नाणं) दंड.

'भृत्य' वाचताना तर जास्तच जपावं लागतं. त्याच ग्रंथातल्या 'भृत्यभरणीय' प्रकरणात ४८,००० पण घेणारे मंत्री, पुरोहित आणि सेनापतीही येतात. यादीच्या तळाशी ६० पणांचे सेवक आहेत. शब्द दोघांनाही एकच.