मंचावरची मोहिनी आणि दवाखान्यातलं संमोहन

कॉलेजच्या गॅदरिंगला आमच्याकडे एकदा संमोहनाचा प्रयोग झाला होता. माझ्याच बाकावरचा मित्र मंचावर गेला आणि हातात दिलेला कांदा सफरचंद समजून कचाकचा खाऊ लागला. आम्ही मार्केट यार्डातले कांद्याचे ढीग बघत वाढलेली पोरं, सगळा हॉल उसळला. रात्री घरी जाताना मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "कांदाच लागत होता बे. पण सगळी पोरं बघालेत, मधीच थांबू कसा?"

त्याचं हे बोलणं बऱ्याच वर्षांनी आठवलं, ते आत्याच्या पोटाच्या दुखण्यापायी. तिला संमोहन उपचार सुचवला गेला, तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे तोच मंच उभा राहिला. आत्या तर घाबरलीच. "माझ्या तोंडून घरातलं काही बाहेर पडलं तर? आणि जागच आली नाही तर?"

घोळाचं मूळ मला शब्दातच दिसतं. १८४०च्या दशकात मँचेस्टरमध्ये काम करणाऱ्या जेम्स ब्रेड या शल्यचिकित्सकाने 'हिप्नॉटिझम' हे नाव रूढ केलं, ग्रीक भाषेतल्या झोपेच्या शब्दावरून. पण ही झोप नव्हेच. संमोहनात मेंदूचा आलेख झोपेसारखा दिसत नाही, माणसाला ऐकू येत असतं, बोलता येत असतं. आपण मराठीत 'संमोहन' म्हटलं, तर त्यात मोह आला, मोहिनी आली, भुरळ आली. एका नावाने झोपेचा गैरसमज दिला, दुसऱ्याने वशीकरणाचा. मला विचाराल तर जवळचा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे: तंद्री.

आत्याने पंचवीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, भिजवलेलं पान, चिमूटभर तंबाखू, वळून टोकं दुमडली की दोऱ्याचा वेढा. नजर टीव्हीवरच्या मालिकेत आणि बोटं सुपात. अशा वेळी तिला दोनदा हाक मारली तरी ऐकू जायची नाही. पण चुलीवर दूध उतू गेल्याचा वास आला की पहिली तीच उठायची. लक्ष एका जागी गोळा झालेलं, बाकीचं मागे सरकलेलं, तरी लगाम स्वतःच्याच हातात. संमोहनाची अवस्था या जातीची असते. फरक इतकाच की ती ठरवून आणली जाते, आणि तिच्यात दिलेली सूचना अधिक खोल उतरते.

सूचना दोन्हीकडे असते, मंचावरही आणि दवाखान्यातही. निवड मात्र उलटी. मंचावरचा कलाकार आधी अख्ख्या सभागृहाला बोटं गुंफायला लावतो, "आता हात सुटणार नाहीत" म्हणतो, आणि ज्यांचे खरंच सुटत नाहीत किंवा ज्यांना पुढे यायची हौस असते त्यांना वर बोलावतो. तिथेही जो जमत नाही तो हळूच खाली पाठवला जातो. म्हणजे आपल्याला दिसतात ती शेकड्यांतून गाळून घेतलेली चार माणसं. त्यात दिवे, टाळ्या आणि माझ्या मित्राची ती लाज. काही जण खरोखर गुंगतात, काही जण भिडेखातर करतात, आणि बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

दवाखान्यात निवड करायला मुभा नसते. समोर येईल त्या माणसाचं, त्याच्या तक्रारीचं बघावं लागतं. सूचना स्वीकारण्याची क्षमता प्रत्येकात वेगळी असते. १९५९ सालापासून ती मोजण्याच्या, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या श्रेणी वापरात आहेत. थोडे जण चटकन गुंगतात, थोड्यांना जवळजवळ काहीच होत नाही, बहुतेक जण मधले.

आत्या मधलीच. तिची सोनोग्राफी, एंडोस्कोपी, रक्ताच्या तपासण्या सगळं आधीच होऊन गेलं होतं आणि निदान होतं इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतड्यात जखम नाही, गाठ नाही, पण आतडं आणि मेंदू यांच्यातला संवाद बिनसलेला. एसटीत बसायचं नुसतं ठरलं तरी पोटात कळ यायची. वर्षभर औषधं घेऊनही फार उतार पडला नाही, म्हणून हा मार्ग.

पहिल्या दिवशी मी बरोबर होतो. लंबक नव्हता, रोखून बघणं नव्हतं. खुर्ची, पंखा, आणि उपचार करणाऱ्या मॅडमचा पहिला प्रश्न: "मावशी, तुम्हाला शांत कुठं वाटतं?" आत्या म्हणाली, चंद्रभागेच्या वाळवंटात, पहाटे. मग त्यांनी तिला डोळे मिटून हात पोटावर ठेवायला सांगितला, हाताची ऊब आत झिरपतेय म्हणाल्या, आणि आतड्याची चाल त्या संथ पाण्यासारखी होतेय असं हळूहळू, तिच्याच शब्दांत, सांगत राहिल्या. मधेच आत्याने डोळे उघडून पदर सारखा केला आणि पुन्हा मिटले. कुणी तिला उठवलं नाही, अडवलं नाही. घरातलं एक अक्षरही तिच्या तोंडून निघालं नाही. संमोहनात माणूस खोटंही बोलू शकतो आणि गप्पही बसू शकतो. उपचार करणारा खोलीतून निघून गेला, तर माणूस आपोआप डोळे उघडतो किंवा साधी डुलकी काढून उठतो.

मँचेस्टरमध्येच १९८४ साली आत्यासारखंच दुखणं असलेल्या अशा ३० रुग्णांवर अभ्यास झाला होता, ज्यांना बाकी कशाचा उपयोग होत नव्हता. संमोहन मिळालेल्यांमध्ये ठळक सुधारणा दिसली. कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २००८च्या मार्गदर्शिकेत १२ महिने औषधांनी न भागलेल्या अशा रुग्णांसाठी संमोहनाचा पर्याय आहे. वेदना कमी करणं, दातांच्या उपचारांची भीती, शस्त्रक्रियेआधीची धास्ती इथेही त्याचा आधार घेतात. पण तंबाखूच्या पेठेत राहणाऱ्यांना हेही सांगायला हवं: सिगारेट सोडवायला संमोहन इतर उपायांहून सरस आहे, असा भक्कम पुरावा अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१९च्या कॉक्रेन आढाव्यात मिळाला नाही. "एका बैठकीत व्यसनमुक्ती" अशा पाटीखाली पैसे देऊ नका. गेल्या जन्मीच्या किंवा विसरलेल्या आठवणी उकरून देण्याची भाषा कुणी केली तर तिथून उठा; संमोहनात खोट्या आठवणी खऱ्या वाटू लागतात. भास-भ्रम होणाऱ्याला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं. शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल, तर आधी तपासणी.

ब्रिटनमध्ये १९५२ साली मंचावरच्या प्रयोगांसाठी स्वतंत्र कायदा झाला, म्हणजे तिथे कायद्यानेच खेळ वेगळा काढला. आपल्याकडे निदान एवढं विचारता येतं: समोरची व्यक्ती डॉक्टर आहे का, किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, असेल तर त्यांची नोंदणी ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद आहे का.

आणि 'भुरळ घालून बाईचे दागिने लांबवले' या बातम्यांमधली ती पेपरातली 'भुरळ'? "पुढं दंगल चाललीय, दागिने पुडीत बांधा" म्हणणारा तोतया पोलीस बहुतेक वेळा घाई, भीती आणि हातचलाखीवर काम उरकतो. त्या बाईच्या मनाविरुद्ध तिच्यावर कुणी मंत्र टाकला, असं म्हणून आपण चोराला नसलेली शक्ती देतो आणि त्या बाईला भोळी ठरवतो.

आत्याच्या सात बैठका झाल्या. मोबाइलमध्ये मॅडमच्या आवाजाचं रेकॉर्डिंग, रोज रात्री वीस मिनिटं, आणि पुढे तेही न लावता स्वतःचं स्वतः. पोट पूर्ण बरं झालेलं नाही. लग्नाच्या जेवणानंतर अजून कुरकुरतं. कार्तिकीला मात्र ती माझ्याबरोबर एसटीने पंढरपूरला निघाली. मोहोळला गाडी थांबली. दरवेळी घाईने उतरून स्वच्छतागृह शोधायची ती याच स्टँडवर. या खेपेला खिडकीशी बसून राहिली, पदराखाली हात पोटावर, आणि खालच्या पेरूवाल्याला भाव विचारत होती.