वरून हिरवं दिसलं म्हणजे जंगल ठणठणीत? नाही हो!

हे फार वर्षं फिरतंय, की सॅटेलाइटच्या फोटोत हिरवं दिसलं म्हणजे खाली सगळं आलबेल. अहो, लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या फोटोतला एक पिक्सेल (ठिपका) म्हणजे जमिनीवरचे ३० बाय ३० मीटर, त्यात नुसती निलगिरीची लागवड असो की जुनं मिश्र जंगल, नुसत्या डोळ्यांना दोन्ही हिरवंच. वन्यजीव संशोधक केंट रेडफर्ड यांनी १९९२ मध्येच 'रिकामं जंगल' ही कल्पना मांडली होती, झाडं उभी पण शिकारीमुळे मोठे प्राणी गायब, मग धनेशासारखे पक्षीच नसले तर मोठाल्या बिया लांब नेणार कोण? झाडाखालीच पडून राहतात. म्हणून फोटो हवाच (मी त्याच्या विरोधात नाही), पण सोबत कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा), रात्रभर आवाज टिपणारे रेकॉर्डर, ओढ्याच्या पाण्यातला डीएनए (त्यावरून आसपास कोणते जीव आहेत ते कळतं) आणि हो, चिखलात पाय घालून झाडं मोजणारी माणसंही.