पुराव्यावरील हरकत आणि फौजदारी अपील

खटला चालू असताना सत्र न्यायालयाने एखादा पुरावा चुकीने स्वीकारला किंवा नाकारला, तरी त्या आदेशाविरुद्ध भारतात सहसा लगेच वरच्या कोर्टात जाता येत नाही. असा आदेश अंतरिम समजला जातो आणि त्यावर पुनरीक्षण, म्हणजे वरच्या कोर्टाकडून आदेशाची फेरतपासणी, चालत नाही (फौजदारी कामकाजाचा कायदा असलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४३८). शिक्षा झाल्यावर अपिलातच हा मुद्दा घ्यावा लागतो.

पण नुसती चूक दाखवून अपील जिंकता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १६९ (१८७२ च्या कायद्यातले १६७) सांगते की, आक्षेपार्ह पुरावा वगळूनही निकाल टिकत असेल, किंवा नाकारलेला पुरावा घेऊनही तो बदलणार नसेल, तर तेवढ्या कारणाने निकाल फिरवायचा नाही. त्यामुळे ‘हे वगळल्यावर शिल्लक काय राहते?’ या प्रश्नाभोवतीच अपिलातला खरा युक्तिवाद फिरतो.

वगळायचे म्हणजे नेमके काय, हे १९४६ च्या पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणातल्या निकालात दिसते. त्यातले उदाहरण असे: पोलीस कोठडीतला आरोपी म्हणतो, ‘घराच्या छपरात लपवलेला चाकू काढून देतो, त्यानेच मी अमक्याला भोसकले.’ चाकू सापडला, तर पहिला भाग पुराव्यात येतो, दुसरा मात्र कोठडीतली कबुली असल्याने येत नाही. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातले सर्वोच्च अपील न्यायालय) प्रत्यक्ष खटल्यातला असा अग्राह्य, म्हणजे पुराव्यात न चालणारा, भाग बाजूला काढला आणि उरलेला पुरावा पुरेसा आहे का, हे तपासायला प्रकरण मद्रास उच्च न्यायालयाकडे परत पाठवले. आजही मेमोरेंडम पंचनाम्यात (आरोपीने वस्तू काढून देण्याबाबत पंचांसमोर केलेल्या निवेदनाची नोंद) कबुलीचे वाक्य जसेच्या तसे उतरवलेले आढळते आणि अपिलात तेच आधी हेरले जाते.

दुसरी अडचण हरकतीच्या वेळेची. कायद्याने मुळातच अग्राह्य असलेल्या पुराव्यावर अपिलातही बोट ठेवता येते. सिद्ध करण्याच्या पद्धतीवरची हरकत मात्र कागदाला निशाणी (पुरावा म्हणून कोर्टाचा क्रमांक) पडतानाच घ्यावी लागते. तेव्हाच घेतली असती, तर सरकार पक्षाला उणीव भरून काढता आली असती, हे त्यामागचे कारण. सोनू वि. हरियाणा (२०१७) खटल्यात मोबाइलच्या कॉल नोंदींना १८७२ च्या कायद्यातल्या कलम ६५ब चे, इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी लागणारे प्रमाणपत्र जोडलेले नव्हते. खालच्या कोर्टात बचाव पक्ष गप्प राहिला होता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने हरकत ऐकली नाही. हे प्रमाणपत्र बंधनकारक असल्याचे २०२० मध्ये जालन्याच्या खोतकर–गोरंट्याल निवडणूक वादात पक्के झाले.

हरकत घेतली, तरी तिचा निर्णय कधी? बिपिन पांचाळ निकालाने (२००१) कागदाला तात्पुरती निशाणी देऊन हरकत अंतिम निकालापर्यंत राखून ठेवण्याची वाट घालून दिली. खटले त्याने अडले नाहीत. पण निकालपत्रात त्या हरकतीचा उल्लेखच नाही, अशी तक्रार अपिलात येऊ लागली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बंधनकारक नसल्याचे सांगितले: प्रश्नावरची हरकत तिथेच, नाहीतर त्या साक्षीदाराची साक्ष संपताना निकाली काढावी. हा बदल रास्तच होता. आपण काय गृहीत धरून उलटतपासणी घ्यायची, हे वकिलाला निकालाच्या दिवशी कळून उपयोग नसतो.

नाकारलेल्या किंवा राहून गेलेल्या पुराव्यासाठी अपील न्यायालय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३२ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले ३९१) जादा पुरावा घेऊ शकते. फेरखटला हा शेवटचा उपाय. २००२ च्या गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाने जादा पुरावा नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ते चूक ठरवून फेरखटला महाराष्ट्रात चालवायला लावला. तो मुंबईत झाला आणि २००६ मध्ये काही आरोपींना शिक्षा झाली.